कार्डावरचा पाचवा रकाना

(डॉक्टरांच्या स्मरणार्थ लालबागेत झालेलं व्याख्यान)



इथून दोन गल्ल्या सोडून डॉक्टरांचा दवाखाना होता. आत शिरलं की डाव्या हाताला बाकडं, समोर कंपाउंडरची खिडकी आणि त्यांच्या मधोमध वजनाचा उभा काटा. पांढरा रंग, आडव्या दांडीवर सरकणारं एक मोठं आणि एक छोटं वजन, पाय ठेवायच्या जागी काळं रबर, तेही मधे झिजून करडं पडलेलं. मी सात-आठ वर्षांची असेन. आईबरोबर त्या बाकड्यावर मी कितीतरी संध्याकाळी काढल्या आहेत, कारण माझ्या धाकट्या काकांना टीबी झाला होता. घरात तो शब्द कुणी उच्चारत नसे, 'छातीचं दुखणं' म्हणत. काका मिलमध्ये रात्रपाळीला जायचे. दर पंधरवड्याला डॉक्टर त्यांना काट्यावर उभं करत आणि दांडीवरचं छोटं वजन बोटाने टिचक्या मारत पुढे सारत. ते जितकं पुढे जाई तितका आईचा चेहरा खुले. एकदा काका पाऊण किलोने वाढले, तर घरी येऊन तिने देवापुढे साखर ठेवली.

आज दादरला माझ्या दवाखान्यातही वजनाचा काटा आहे. त्याच गल्लीतली, आता चाळीच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरमधली बाई त्यावर चढते. चढण्यापूर्वी चपला, पर्स, घड्याळ, कधीकधी मंगळसूत्रसुद्धा काढून ठेवते, डोळे मिटून घेते आणि म्हणते, "डॉक्टर, मला सांगू नका, नुसतं लिहून घ्या." आणि पाऊण किलो वाढलं असेल तर तिच्या डोळ्यांत पाणी येतं. तोच पाऊण किलो. एका पिढीत त्याचा अर्थ उलटा झाला, आणि या उलटापालटीत आपल्या माणसांची जी ओढाताण चालली आहे तिच्याबद्दल मला आज बोलायचं आहे. हा विषय मी निवडला तेव्हा संयोजकांना वाटलं, स्मृतिव्याख्यानाला हा जरा किरकोळ आहे. मला तसं वाटत नाही. या आकड्यापायी रडलेली जितकी माणसं मी पाहिली आहेत, तितकी दुसऱ्या कुठल्याही तपासणीपायी पाहिली नाहीत.

आपली भाषाच बघा. कुणी बारीक झालं तर आपल्याकडे शब्द कोणते? वाळला, खंगला, रोडावला, हडकला. सगळे आजाराचे. आणि अंगाने भरला की 'तब्येत सुधारली'. खात्यापित्या घरचा दिसतो, हे कौतुक होतं. माझी आई शेवटपर्यंत "बारीक झालीस गं" हे वाक्य काळजीच्या सुरात म्हणायची, आणि माझ्या मैत्रिणी तेच वाक्य अभिनंदनाच्या सुरात म्हणायच्या. शहाण्यासुरत्या बायका एकाच दिवसात दोन्ही ऐकतात, मग त्यांनी करायचं काय?

जड असण्यात मान होता, याची एक गोष्ट इथल्याच मुंबईतली. १९४६ च्या मार्चमध्ये ब्रेबर्न स्टेडियमवर इस्माइली धर्मगुरू तिसऱ्या आगाखानांची हिऱ्यांनी तुला झाली. त्यांचं वजन भरलं २४३.५ पौंड, आजच्या हिशेबात ११० किलोच्या आसपास. जमलेल्या अनुयायांपैकी एकालाही ते कमी व्हावं असं वाटलं नसेल. तुलेत माणूस जितका भारी तितकं दान मोठं. गिरणगावातल्या दवाखान्यात हिरे नव्हते, पण काट्याकडे बघण्याची नजर तीच होती.

ती नजर का बदलली, हे या सभागृहातल्या ज्येष्ठांना मी सांगायला नको. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, आणि पुढच्या वर्षांत मिल एकेक करून गेल्या. आठ-आठ तास साच्यावर उभी राहणारी माणसं, त्यांची मुलं खुर्चीवर बसणाऱ्या कामांत गेली. सुरक्षारक्षक झाली, कारकून झाली, फोनवर बोलणारी झाली. चाळीचे तीन-चार जिने गेले आणि लिफ्ट आली. नळावरून भरून आणलेल्या पाण्याच्या कळशा गेल्या. ताटातला भात तेवढाच राहिला. यात कुणाचा आळस नाही, कुणाची हाव नाही. वजन वाढलेल्या माणसाला हे कुणी सांगत नाही, म्हणून मी आधी सांगते.

आता काट्याकडे येऊ. काटा काय सांगतो? तो 'किती' ते सांगतो. 'कशाचं' ते सांगत नाही.

मे महिन्यात आई मला मिरची गल्लीत घेऊन जायची. वर्षाचा मसाला करायचा म्हणजे बेडगी, संकेश्वरी, थोडी काश्मिरी, धणे, खसखस, दगडफूल. दुकानदार मिरची पारड्यात टाकण्याआधी आई तिच्यात हात घालायची आणि मुठीत दाबून बघायची. मिरची कुरकुरली तर ठीक, मऊ लागली तर म्हणायची, "दमट आहे, पाण्याचे पैसे मी देणार नाही." घरी आणून गच्चीत दोन दिवस कडक उन्हात पसरली की तीच मिरची पुन्हा तोलल्यावर शे-दोनशे ग्रॅम कमी भरायची. मिरची एकही गेलेली नसायची. मग डंकावर न्यायची. तिथे मसाला भरायच्या आधी रिकाम्या डब्याचा धडा करत. एका पारड्यात डबा, दुसऱ्यात खडे-वजनं टाकून दोन्ही बरोबरीला आणायचं, मगच मसाला तोलायचा. डब्याचं वजन मसाल्यात धरायचं नाही, हे लालबागच्या बाजारात शाळेत न गेलेल्या बाईलाही ठाऊक होतं.

शरीराचा धडा करता येत नाही. काट्यावर उभं राहिलं की सगळं एकत्र तोललं जातं: हाडं, स्नायू, चरबी, पोटातलं कालचं जेवण, आतड्यातला मळ, मूत्राशयातलं मूत्र, आणि सगळ्यात जास्त पाणी. माणसाच्या वजनात निम्म्याहून जास्त पाणीच असतं. ते दिवसभर येतं आणि जातं. एक लिटर पाणी म्हणजे बरोबर एक किलो. धडधाकट माणसाचं वजन सकाळ-संध्याकाळमध्ये किलो-दीड किलोने सहज हलतं, आणि त्यात चरबीचा कणही बदललेला नसतो.

पहिल्या आठवड्यातल्या यशाची गोष्ट यातच आहे. आपलं यकृत आणि स्नायू मिळून साधारण चार-पाचशे ग्रॅम साखर साठवून ठेवतात, तिला ग्लायकोजेन म्हणतात, आणि तिच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. भात-पोळी एकदम कमी केली की हा साठा वापरला जातो आणि पाणी सुटतं. चार-पाच दिवसांत दीड-दोन किलो उतरतात. माणूस हरखतो, शेजाऱ्यांना सांगतो. मग दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात काटा थांबतो, आणि माणूस स्वतःला अपराधी समजायला लागतो. खरं तर चरबी तेव्हाच कुठे जायला लागलेली असते. पहिल्या आठवड्यात त्याने पराक्रम केला नव्हता आणि तिसऱ्या आठवड्यात काही गुन्हाही केला नाही. मिरची वाळली होती, एवढंच.

आणि उलट बाजूने बघा. गणपतीत, होळीला, लग्नाच्या पंगतीला जेवून दुसऱ्या दिवशी काटा दीड किलो जास्त दाखवतो. एक किलो चरबी म्हणजे अंदाजे ७,७०० कॅलरी. तुपासकट एक पुरणपोळी ३०० कॅलरींची धरली तर एक किलो चरबी चढायला पंचवीस-सव्वीस पुरणपोळ्या लागतील, आणि त्याही रोजच्या जेवणाच्या वर. इतक्या कुणी खात नाही. मग दीड किलो आलं कुठून? पापड, लोणचं, भजी, फरसाण यांतलं मीठ पाणी धरून ठेवतं. रिकामे झालेले साखरेचे साठे पुन्हा भरतात आणि आपलं पाणी सोबत आणतात. पोटातलं अन्न अजून पुढे सरकायचं असतं. तीन-चार दिवस रोजचं जेवण जेवलं की यातलं बहुतेक आपोआप जातं. पण माणूस तीन दिवस थांबत नाही. दुसऱ्याच सकाळी काटा पाहतो, 'सगळं वाया गेलं' म्हणतो आणि एकतर उपाशी राहतो किंवा सोडूनच देतो. माझ्या अनुभवात माणसं सणाच्या जेवणाने हरत नाहीत. सणानंतरच्या सकाळी हरतात.

या पाण्याची ताकद किती असते, हे २०२४ च्या ऑगस्टमध्ये सगळ्या देशाने पाहिलं. कुस्तीपटू विनेश फोगाट पॅरिस ऑलिंपिकला ५० किलो गटात अंतिम फेरीत पोहोचली. दुसऱ्या दिवशी सकाळी वजन करताना १०० ग्रॅम जास्त भरली आणि बाद झाली. आदल्या रात्री ती झोपली नव्हती, घाम गाळत होती, केससुद्धा कापले होते. दोनच दिवसांनी त्याच संघातल्या अमन सेहरावतने ५७ किलो गटात कांस्यपदक जिंकलं, आणि त्याने आदल्या रात्री सुमारे दहा तासांत ४.६ किलो उतरवले होते. एका रात्रीत साडेचार किलो. ती चरबी नव्हती, जवळजवळ सगळं पाणी होतं. लालबाग-परळच्या कबड्डीपटूंना हे सांगायला नको. किशोर गटाचं वजन करायच्या दिवशी आमच्या चाळीतली मुलं स्वेटर घालून मैदानाला फेऱ्या मारायची आणि काट्यावरून उतरल्या उतरल्या लिंबूपाण्याच्या गाडीकडे धावायची. सामना खेळताना ती पुन्हा आपल्या खऱ्या वजनाची झालेली असायची. कुस्तीत आणि कबड्डीत या आकड्याला नियमाने अर्थ दिला आहे. घरच्या बाथरूममध्ये तो नियम आपण होऊन कशाला लावून घ्यायचा?

मी हे सगळं आज शहाणपणाने बोलते आहे, पण मला ते एका बाईने शिकवलं, आणि त्यासाठी तिला फार सोसावं लागलं.

प्रॅक्टिसची पहिली वर्षं होती. वजन कमी करणाऱ्यांसाठी मी दर शनिवारी संध्याकाळी वेगळी वेळ ठेवली होती. भिंतीवर तक्ता, ज्याचं जास्त उतरलं त्याच्या नावापुढे चांदणी. गिरगावातल्या एक शिक्षिका यायच्या, वय बेचाळीस, अतिशय प्रामाणिक. एका शनिवारी त्यांचं वजन ६०० ग्रॅमनी वाढलं. मी चष्म्यावरून पाहत म्हटलं, "या आठवड्यात काहीतरी झालंय ना?" त्या म्हणाल्या, "नाही हो डॉक्टर, खरंच नाही." माझा विश्वास बसला नाही, आणि तो बसला नाही हे माझ्या चेहऱ्यावर त्यांना दिसलं. पुढच्या शनिवारी त्या आल्या तेव्हा शुक्रवार रात्रीपासून पोटात पाण्याचा थेंब नव्हता. सकाळी जुलाबाची गोळी घेतली होती. माझ्या जिन्याच्या दुसऱ्या वळणावर त्या चक्कर येऊन पडल्या. कपाळाला तीन टाके पडले. त्यांना शुद्धीवर आणल्यावर त्यांचा पहिला प्रश्न होता, "आज किती भरलं असेल?"

आधीच्या शनिवारी त्यांची पाळी दोन दिवसांवर आलेली होती. पाळीच्या आधी शरीर पाणी धरतं, अर्ध्या किलोपासून दोन किलोपर्यंत वजन वाढू शकतं, हे मी परीक्षेत लिहून पास झाले होते. मी त्यांना पाळीची तारीख विचारली नव्हती. आणि त्या पडल्या नसत्या, जिना चढून वर आल्या असत्या, तर मी त्यांच्या नावापुढे चांदणी लावली असती. ही गोष्ट मला आजही झोपू देत नाही. तक्ता मी त्याच रात्री उतरवला.

त्यानंतर मी जे वाचत गेले, त्यात एका डॉक्टरांचं काम मला सगळ्यात मोलाचं वाटतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक. २००४ मध्ये त्यांनी आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 'लॅन्सेट'मध्ये एक छोटासा लेख लिहिला, आणि त्यात दोघांनी स्वतःचाच फोटो छापला. दोघे शेजारी शेजारी उभे. उंचीच्या हिशेबात वजन मोजणारा जो बीएमआय नावाचा आकडा आहे, तो दोघांचा अगदी एक: २२.३. काट्याच्या आणि तक्त्याच्या दृष्टीने दोघे सारखेच सडपातळ. मग शरीरातली चरबी मोजली. युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के, याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. दुपटीहून जास्त. लेखाचं नाव त्यांनी दोघांच्या आडनावांवरून 'वाय-वाय पॅराडॉक्स' ठेवलं.

याचं मूळ किती मागे जातं, तेही याज्ञिकांच्याच गटाने दाखवलं. पुण्याजवळच्या खेड्यांत जन्मलेली बाळं आणि इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळं यांची त्यांनी तुलना केली. आपली बाळं सरासरी २.७ किलोची, तिकडची साडेतीनची. आपल्या बाळाचे हात-पाय बारीक, पोट लहान, स्नायू कमी, पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी जवळजवळ तिकडच्याइतकी. म्हणजे जन्मापासूनच आपल्या माणसाचा काटा खरी गोष्ट लपवतो. म्हणूनच आपल्याकडे बीएमआय २५ नव्हे, २३ वर पोहोचला की सावध व्हायला सांगतात. आणि म्हणूनच शिंप्याची टेप मला काट्याहून प्रामाणिक वाटते. पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरच्या आत, बायकांची ८० च्या आत. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, पँटच्या लेबलवरचा कमरेचा आकडा धरू नका. पँट पोटाखाली घसरलेली असते. टेप बेंबीच्या पातळीला, श्वास सोडून, पोट आत न ओढता लावायची.

मग वजन कमी करायचंच नाही का? करायचं. ज्याला गरज आहे त्याने जरूर करायचं. सुरुवातीच्या वजनाच्या पाच-सात टक्के उतरले तरी साखर, रक्तदाब, गुडघे, झोप या सगळ्यांवर चांगला परिणाम दिसतो. ८० किलोच्या माणसाला चार-साडेपाच किलो, लग्नातल्या फोटोइतकं बारीक होण्याची गरज नाही. पण त्याही पुढची एक गोष्ट आपल्या देशातल्याच संशोधनाने सांगितली आहे. चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३१ माणसांवर केलेला अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांनी चालणं वाढवलं आणि खाणं सुधारलं, त्यांचा मधुमेहाचा धोका २८.५ टक्क्यांनी कमी झाला. आणि त्यांच्या वजनात फारसा फरक पडलेला नव्हता. काट्याने त्यांना 'काही झालं नाही' असं सांगितलं असतं. त्यांच्या रक्तात पुष्कळ काही झालं होतं. केवळ काट्याचं ऐकून जी माणसं महिनाभराने चालणं सोडून देतात, त्यांना मी हा अभ्यास छापून हातात देते.

अलीकडे आठवड्याला एक टोचायची इंजेक्शनं आली आहेत, आणि त्यांनी वजन खरंच झपाट्याने उतरतं. योग्य माणसाला ती मी देतेही. पण उतरणाऱ्या वजनात स्नायूंचाही वाटा असतो, आणि काटा स्नायू गेला तरी तितकाच खूश होऊन खाली येतो. साठीच्या बाईच्या मांडीतला स्नायू गेला तर ती बाथरूममध्ये पडेल, मोडेल ते खुब्याचं हाड. म्हणून औषध कोणतंही असो, डाळी, अंडी, दही, मासे आणि थोडं वजन उचलण्याचा व्यायाम यांना सुट्टी नाही.

आता काही व्यवहाराचं बोलते. काटा घरात असेल तर तो चटईवर नको, फरशीवर ठेवा, आणि रोज त्याच फरशीवर. दुकानदाराच्या काट्यावर वैधमापन खात्याचा शिक्का असतो, आपल्या घरच्या काट्यावर तो नसतो. दोन काटे दोन आकडे सांगतात, म्हणून एकाच काट्याशी इमान ठेवा. वेळ सकाळची, शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी. रोज करायचं तर आठवड्याची सरासरी काढा आणि सरासरीची तुलना सरासरीशी करा. रोजचा आकडा मनाला लावून घेणाऱ्यांनी आठवड्यातून एकदाच करा. पाळी येणाऱ्या बायकांनी या महिन्याच्या पाळीनंतरचा आठवडा मागच्या महिन्याच्या त्याच आठवड्याशी ताडून पाहावा.

सरासरीचं महत्त्व शिवाजी पार्कावर वाढलेल्या माणसांना मी काय समजावणार. चिखलवाडीतले सुनील गावसकर १९८३ च्या डिसेंबरमध्ये कोलकात्याच्या कसोटीत वेस्ट इंडीजच्या मार्शलच्या पहिल्याच चेंडूवर बाद झाले. त्या दिवसाचा आकडा शून्य. दोन आठवड्यांनी चेन्नईत ते चौथ्या क्रमांकावर उतरले तेव्हा धावफलकावर शून्यावर दोन बाद होते, आणि त्यांनी नाबाद २३६ केल्या. कारकिर्दीची सरासरी ५१.१२. कोलकात्याच्या त्या सकाळवरून गावसकर कोण हे कुणी ठरवलं नाही.

दोन प्रकारच्या माणसांना मात्र माझं वेगळं सांगणं आहे. काट्यावरचा आकडा पाहून ज्यांच्या हातापायांतलं बळ जातं, जे जेवण टाळतात, खाल्लेलं उलटून काढतात, त्यांनी काटा घरातून बाहेर काढावा आणि डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावं. त्यात लाज नाही, तो आजार आहे आणि बरा होतो. आणि ज्यांना हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास आहे, त्यांनी रोज सकाळी वजन करावं. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले तर ते पाणी धरल्याचं लक्षण असू शकतं, तेव्हा फोन करायला उशीर करू नका.

आणि न मागता उतरणारं वजन. परळच्या एका इमारतीचे सुरक्षारक्षक माझ्याकडे आले. दोन महिन्यांत सहा किलो उतरले होते. सोसायटीतले लोक लिफ्टपाशी थांबवून विचारत होते, कोणतं डाएट, आम्हालाही सांगा. ते बिचारे लाजून हसत होते. मी विचारलं, रात्री लघवीला किती वेळा उठता? म्हणाले, पाच-सहा वेळा. साखर ३८० निघाली. अख्खी इमारत त्यांच्या आजाराचं अभिनंदन करत होती. आपल्या आयांच्या तोंडचे ते जुने शब्द, वाळला, खंगला, हे सगळेच टाकून देण्यासारखे नव्हते. टीबी अजून आपल्या वस्त्यांतून गेलेला नाही.

इथे मी पुन्हा डॉक्टरांच्या दवाखान्यात जाते. काकांचं कार्ड माझ्याकडे आहे. आई गेल्यावर तिच्या पेटीत, रेशनकार्डाच्या घडीत सापडलं. पिवळं पडलेलं जाड कार्ड, डॉक्टरांनी पट्टीने आखलेल्या उभ्या रेघा, निळी शाई. रकाने पाच. ताप. खोकला. भूक. झोप. वजन. वजन शेवटी. एका पंधरवड्याला वजनाच्या रकान्यात अर्धा किलो घट आहे, आणि त्याच ओळीत भुकेच्या रकान्यात लिहिलंय, 'तीन भाकऱ्या, स्वतः मागून'. त्या ओळीखाली डॉक्टरांनी औषध बदललेलं नाही. मी वैद्यकीय शिक्षण घेतल्यावर ते कार्ड वाचलं तेव्हा मला कळलं की डॉक्टर त्या दिवशी काट्यापेक्षा भाकऱ्यांवर विश्वास ठेवत होते.

आणि ते बरोबर होते. १९५० च्या दशकाच्या अखेरीस मद्रासमध्ये टीबीवर एक मोठा अभ्यास झाला. काही रोग्यांना सॅनेटोरियममध्ये ठेवलं, काहींना घरीच औषध दिलं. सॅनेटोरियममधल्यांना जेवण चांगलं होतं आणि त्यांचं वजन घरच्यांपेक्षा पुष्कळ जास्त वाढलं. पण बरे होण्याचं प्रमाण दोन्हीकडे जवळजवळ सारखंच निघालं. त्या अभ्यासानंतर जगभर टीबीचे रोगी घरी राहून औषध घेऊ लागले. अर्धपोटी रोग्याचं वजन वाढणं आजही जीव वाचवतं, झारखंडमधल्या २०२३ च्या अभ्यासाने ते पुन्हा दाखवलं. वजन महत्त्वाचं नाही असं डॉक्टरांनी कधी मानलं नाही. त्यांनी त्याला रकाना दिला. एक.

माझ्या दवाखान्यातल्या कार्डांवरही आता पाच रकाने आहेत. कंबर, जिना, झोप, साखर, वजन. जिन्याचा रकाना माझा लाडका आहे. न थांबता किती मजले, एवढंच लिहायचं.

गिरगावच्या त्या शिक्षिका आता निवृत्त आहेत. कपाळावरची टाक्यांची खूण केसांखाली झाकलेली असते. ज्या डॉक्टरकडे येताना आपण पडलो, तिच्याकडे त्या इतकी वर्षं का येत राहिल्या, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. त्यांची चाळ अजून उभी आहे, त्या चौथ्या मजल्यावर राहतात. गेल्या महिन्यात आल्या तेव्हा खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाल्या, "चार मजले, हातात भाजीची पिशवी, मध्ये थांबले नाही. आधी ते लिहा." मी लिहिलं. कंबर मोजली, दोन सेंटिमीटर कमी. मग त्या आपण होऊन काट्यावर चढल्या, डोळे उघडे ठेवून. मागच्या वेळेपेक्षा ४०० ग्रॅम जास्त. त्यांनी आकड्याकडे पाहिलं, क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, "काल नातीचा वाढदिवस होता." मग चपला घातल्या, पिशवी उचलली आणि मला म्हणाल्या, "चला, मला चर्नी रोडला उतरायचंय, आत्ताची गाडी चुकली तर पुढची भरून येते."